काजलच्या ओटीला मी येणार नाही

प्रताप नगर, नागपूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. दुर्गेशदादास,

नमस्कार. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, पण परवा सीताबर्डीला जाऊन घासाघीस करून चादरी आणल्याच तिने. वहिनीला सांग, जवसाची चटणी संपली.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून लिहिते.

शुक्रवारी तुझ्या कारखान्यात काजलची ओटी आहे, ये, असा वहिनीचा निरोप आला. हिरवी साडी, फळं, फोटोवालासुद्धा. कामावरच्या प्रत्येक गरोदर बाईची ओटी मालकिणीने भरायची, ही बाबांनी घातलेली पद्धत तू चालू ठेवलीस. मी येणार नाही. मला किळस येते, दादा.

तुझ्या त्या रंग पातळ करायच्या द्रवाची सुरक्षापत्रकं मीच करते. पिंप परदेशी निघालं की आत काय आहे, त्याने काय होतं, हे त्या देशाच्या भाषेत, त्यांच्या नियमाने लिहून द्यायचं. जर्मनीचं केलं, जपानचं केलं. दोन्हींत लिहिलं, की याच्या वाफेने पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. तू ते नीट वाचलं होतंस. कारण तिसऱ्या देशाच्या वेळी तुझाच फोन आला, "तिकडचे मागूनच नाही राहिले, मग काहून टाकून राहिली वं ते? काढ. गिऱ्हाईक बिचकते."

मी काढलं नाही. तू दुसऱ्याकडून काढून घेतलंस.

आणि ती पिंपं भरतं कोण? काजल. पोट पुढे आलेलं, तोंडाला नुसती ओढणी. जर्मनीतल्या गोदामातल्या बाईला सावध करायला मी चार-चारदा शब्द तपासले. मराठीत पत्रक कुणी मागितलंच नाही, म्हणून केलं नाही. आणि तिला त्या पिंपांपाशी बसवणाऱ्या हातांनीच तुम्ही तिच्या ओटीत नारळ घालणार! फोटोला हसणार!

काल मी एसटीने उमरेडला तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. तिने पोटावर हात ठेवला. मग विचारलं, "ताई, दादाले माहीत आहे का हे?"

माझ्या तोंडून 'नाही' निघून गेलं. तुझी लाज राखली मी. तेव्हापासून स्वतःचीही शिसारी येते आहे.

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाली, "मले वाटलंच. माहीत असतं तर दादानं मले तिथं बसू देलं असतं का? तुम्ही नका सांगू त्याहिले. शुक्रवारी मीच सांगतो. तवरोक कामावर नाही जात."

मराठी पत्रक सोबत आहे. शेडमध्ये लाव. तिला पगार न कापता दुसरं काम दे, डॉक्टरांकडे ने. मी मागते आहे म्हणून नाही.

शुक्रवारी ती ओटी सावरत तुझ्यासमोर उभी राहील, आणि तुला काहीच माहीत नाही अशा समजुतीने तुला हे सगळं सांगेल. तेव्हा तुझा चेहरा बघायला लागू नये, एवढ्यासाठीच मी येत नाही.

तुझ्यासाठी खोटं बोललेली, पुन्हा न बोलणारी,
नूपुर