एम्पररचा डावा कान

२ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. वही कोणाला दाखवायची नाही.

बाबांनी (मंगो गेडिस, वय त्र्याऐंशी, गुडघे गेले, जीभ शाबूत) नाश्त्याला जाहीर केलं. यंदाच्या आठ गोऱ्ह्यांतला एक मी निवडायचा, एक एल्स्पेथने. सव्वा वर्षाने, म्हणजे येत्या नव्हे, त्याच्या पुढल्या फेब्रुवारीत, दोन्ही वळू स्टर्लिंगच्या बाजारात न्यायचे. ज्याची निवड सरस ठरेल त्याच्या हाती आमच्या ड्रमफर्न फार्मचा कळप. दुसऱ्याने आयुष्यभर त्याचं ऐकायचं.

मला हसूच आलं. एल्स्पेथ माझी धाकटी बहीण. तिच्याकडे वजनकाटा आहे आणि नोंदींची वही आहे. माझ्याकडे नजर आहे. गेडिस घराण्याची नजर, आजोबांपासून आलेली. ती काट्यावर मोजता येत नाही.

३ नोव्हेंबर
माझी निवड: सदतीस नंबर. नाव ठेवलं एम्परर. काय छाती! काय पुठ्ठा! नावं ठेवायला एकच जागा, डाव्या कानाचं टोक काटेरी तारेत फाटलंय, तिथे खाच आहे. जन्मल्यापासून त्याला खिशातली ओटची बिस्किटं मी भरवतो. मला पाहिलं की धावत येतो.

एल्स्पेथची निवड: एकेचाळीस. वजन भराभर वाढतं म्हणे, स्वभाव गरीब, आई दुधाला चांगली. मी म्हणालो, अगं, त्याचं तोंड पोस्टातल्या कारकुनासारखं आहे. ती म्हणाली, दादा, तोंडाने वासरं होत नाहीत. बाबा हसले. बाबा हल्ली कशालाही हसतात.

६ नोव्हेंबर
मी चष्मा लावत नाही यावरून एल्स्पेथ पुन्हा बोलली. म्हणाली, काल तू काळ्या प्लास्टिकात गुंडाळलेल्या मुरघासाच्या गठ्ठ्याला हाका मारत होतास. साफ खोटं. मी त्याच्या मागे वासरू आहे का ते बघत होतो. दहा मिनिटं बघितलं, नव्हतं.

आमची जनावरं सगळी काळी, एकसारखी दिसतात, बिल्ल्याशिवाय कशी ओळखणार, असं लोक म्हणतात. कानातला बिल्ला वाचणं हे वाण्याचं काम. मी प्रत्येकाला चालीवरून ओळखतो.

१० नोव्हेंबर
गुरुवारी गुरांच्या डॉक्टर रेनीबाई येणार, निवडीतून गळालेले सहा गोऱ्हे खच्ची करायला. गुरुवारीच एल्स्पेथ दाढ काढायला अॅबर्डीनला जाणार आहे.

नुसता योगायोग. पण विचार करण्यासारखा.

१२ नोव्हेंबर, दुपार
झालं. सहाचे सात झाले.

हे कपट नव्हे. कारकुनी तोंडाचा वळू ड्रमफर्नच्या नावाने बाजारात जाणं हा आजोबांचा अपमान होता. कोणीतरी कठोर व्हायला हवं होतं. बहिणीला पुढे होणाऱ्या मानहानीतून वाचवलं, असंही म्हणता येईल.

पाऊस धो धो. एम्परर आणि एकेचाळीस एकाच कप्प्यात होते. लोखंडी खोड्यात आला तो मी लांबूनच ओळखला, तेच ते पडेल तोंड. म्हणालो, हा एकेचाळीस, याचंही उरका. रेनीबाई म्हणाल्या, हेक्टर, बिल्ल्यावर चिखल आहे, पुसून बघू का? मी म्हणालो, बाई, तुम्ही तुमचं काम करा, जनावर ओळखायचं माझ्यावर सोडा.

तो ओरडला फार. जातच भित्री.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
एल्स्पेथ गाल सुजवून आली. गोठ्यात गेली, ओल्या फडक्याने एकेकाचा बिल्ला पुसून पाहिला. मग माझ्याकडे येऊन शांतपणे विचारलं, दादा, कोणता राखलास? म्हटलं, एम्परर, दुसरा कोण? ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पेंडीच्या कोठीत गेली आणि पोत्यात तोंड खुपसून उभी राहिली. खांदे गदगदा हलत होते.

वाईट वाटलं. रक्ताचं नातं आहे शेवटी.

२० नोव्हेंबर
चमत्कार! एम्पररच्या कानाची खाच भरून आली. हात फिरवून पाहिला, कान अगदी गुळगुळीत. उत्तम रक्त असलं की जखमा अशा भरतात. एल्स्पेथला सांगितलं. ती म्हणाली, नोंद करून ठेवते.

३ डिसेंबर
एम्परर वयात येतोय. पूर्वी धावत यायचा, आता गंभीरपणे उभा राहतो. बिस्किट दिलं, हुंगून टाकलं. राजाला साजेसंच.

तो खच्ची एकेचाळीस मात्र लाळघोट्या निघाला. कुंपणाशी गेलो की धावत येतो आणि खिसा हुंगतो. आज कोटाची शिवण उसवली. काठीने दोन ठेवून दिल्या.

१४ मार्च
रोजचं वेळापत्रक ठरवलं. सकाळी सहाला खरारा, सातला म्होरकी घालून दोन फेऱ्या, मग भरडा. एल्स्पेथनेही हार मानलेली दिसते. म्हणाली, दादा, एम्परर तुझा, तूच सांभाळ. कागदपत्रं, बाजाराचा अर्ज, ते मी बघते. म्हटलं, बघ. कागदच तुझे.

९ एप्रिल
सहाला उठणं जमलं नाही. नवाला उठलो. जनावरांनाही विश्रांती लागते.

२२ जून
गावच्या जत्रेत सगळे एम्पररची चौकशी करत होते. शेजारचा फर्गस इमलाक म्हणाला, काय हेक्टर, एम्परर काय म्हणतोय? बायकोकडे बघून हसला. पाववाला, पाद्री, पाद्र्याची बायको, सगळ्यांना एम्पररची खबर हवी होती. वळूची कीर्ती वाऱ्यासारखी पसरते.

एल्स्पेथच्या काट्यानेही एम्परर पहिला आला. काटाही शेवटी माझ्या नजरेशी सहमत झाला, असं मी जेवताना म्हणालो. बाबांना ठसका लागला.

१८ सप्टेंबर
एकेचाळीस अजून मागे लागतो. त्याच्या कानालाही आता खाच आहे! तीच तार असणार. एल्स्पेथला म्हटलं, तार बदलायला हवी. ती म्हणाली, हो दादा, तार वाईटच.

आज तो आला आणि डोकं माझ्या पोटाला लावून उभा राहिला. तसाच बराच वेळ. अंग गरम होतं त्याचं. मग मी त्याला ढकललं. कोणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?

२ डिसेंबर
एकेचाळीसला घरच्या मांसासाठी पाठवलं. ती शिफारस माझीच. कसाईखान्याच्या गाडीत चढेना. मला हाक मारल्यासारखा हंबरला. शेवटी मी खिशातून बिस्किट काढून दाखवलं, तर ते खायला सरळ आत चढला. मूर्ख.

एल्स्पेथ दारात उभी होती. म्हणाली, दादा, एकदा नीट बघून घे त्याला. म्हटलं, पाहिलाय जन्मापासून.

१ जानेवारी
वर्षाची सुरुवात एकेचाळीसच्या रोस्टने. फर्गस इमलाक जेवायला होता. मी म्हणालो, चिवट आहे, कारकुनाचं मांस असंच असणार. एम्पररच्या वंशाचं मांस खाल तर कळेल, लोण्यासारखं! फर्गस उठून बाहेर गेला. बाबांनी काटा खाली ठेवला आणि डोळे पुसले. म्हातारपण.

दुसऱ्यांदा वाढून घेतलं. वाया कशाला घालवायचं?

संकल्प: कळप हाती आला की वजनकाटा विकायचा. एल्स्पेथला कोंबड्या द्यायच्या.

१६ फेब्रुवारी, स्टर्लिंग
तीनदा साबण लावून धुतला, ड्रायरने केस फुलवले. रेनीबाईंनी तपासून पास केलाच आहे. बाजाराची यादी वाचली नाही. दरवर्षी अक्षर बारीक करतात आणि माझा वळू मला यादीत वाचायची गरज नाही. एल्स्पेथ म्हणाली, यादीत आपला त्रेसष्ट नंबर. बाबांनाही आणलंय, खुर्चीत बसवून. उद्या निकाल.

पांढरा कोट इस्त्री करून ठेवला.

१७ फेब्रुवारी
लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रिंगणात शिरलो. लोकांनी माना उंचावल्या. मीही उंचावली. लिलाव पुकारणारा म्हणाला, त्रेसष्ट नंबर, ड्रमफर्न क्लार्क. क्लार्क म्हणजे कारकून, मंडळी, नाव मजेशीर आहे पण पुठ्ठा बघा. निवड आणि संगोपन मिस एल्स्पेथ गेडिस यांचं. दोरी धरलीय त्यांच्या बंधूंनी.

मी थांबलो. वळूही थांबला, गरीब स्वभावाचा. मी त्याचा डावा कान धरून नाकाशी आणला. कान अखंड होता. बिल्ल्यावर चार आणि एक.

पुकारणारा म्हणाला, साहेब, चालवा जरा. मी चालवला. ड्रमफर्नच्या वळूला आजवर मिळाला नव्हता असा भाव मिळाला. टाळ्या पडल्या. फर्गस इमलाक बाकावर आडवा होऊन हसत होता. वरच्या ओळीत आमचा अख्खा गाव बसला होता. तिकडे ते एरवी कधी येत नाहीत.

एल्स्पेथला विचारलं, कधीपासून माहीत होतं? म्हणाली, त्याच संध्याकाळपासून. मग बोलली का नाहीस? म्हणाली, माझ्या गोऱ्ह्याला कापायला उभं केलंस तेव्हा मला विचारलं होतंस? कापून झालेलं परत शिवता येत नाही दादा. आणि नंतर तू त्याला इतका छान घासत होतास.

म्हटलं, गाडीत चढवताना तरी सांगायचंस. मग म्हणाली, म्हटलं होतं ना, नीट बघून घे म्हणून.

बाबांनी आपली काठी तिच्या हातात दिली. माझ्याकडे बघून म्हणाले, हेक्टर, पोरा, नजर माझीही नव्हती कधी. तुझी आई बिल्ले वाचून मला कानात सांगायची.

१९ फेब्रुवारी
नवीन व्यवस्था. काटा राहणार. कोंबड्या माझ्याकडे. मंगळवारी साडेदहाला डोळ्यांचे डॉक्टर, वेळ एल्स्पेथने घेतली आहे.

एका अर्थाने माझी नजर बरोबरच ठरली. पंधरा महिने मी ज्याची तारीफ करत होतो तो खरोखरच उत्तम वळू होता. हे बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत.

२३ फेब्रुवारी
चष्मा आला. घर मळकट आहे. एल्स्पेथ म्हातारी दिसते.

कोटाच्या खिशाची शिवण अजून उसवलेली आहे. खिशात बिस्किटाचा चुरा होता. मी त्याला काठीने मारलं होतं, ते या वहीत आहे. वाचता येतं आता, स्पष्ट.

फ्रीझर उघडला. पाकिटांवर एल्स्पेथच्या बारीक, नीट अक्षरात लिहिलं आहे: सदतीस. सगळ्यांवर. पहिल्यापासूनच तसं लिहिलेलं होतं.

अजून अकरा आहेत. आमच्या घरात अन्न टाकत नाहीत. रविवारी रोस्ट आहे.