दुसऱ्या वन्समोअरचा पडदा

मी, अंबादास रामचंद्र कुरुंदवाडकर, वय वर्षे ७२, निवृत्त गायनशिक्षक, राहणार मंगळवार पेठ, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. शेजाऱ्यांचा मिळाला नाही.

१. राहते घर, परसासह, माझा एकुलता मुलगा नृसिंह यास. तो जयसिंगपुरास शाळेत मास्तर आहे. बारा वर्षांत त्याने या घराचा उंबरा ओलांडला नाही आणि गाणेही सोडले. दोन्हींचा दोष कुणाचा, ते पुढे येईल.

२. पुठ्ठ्याचा राजमुकुट म्युझिक क्लबचे अध्यक्ष हंबीरराव यांस. १९६९ साली मुंबईत एक इटालियन ऑपेरा पाहून आले आणि म्हणाले, "मास्तर, आपणबी करायचा, त्यांच्याच भाषेत!" राजा पोटच्या पोरावर गादीसाठी संशय घेतो, त्याला विष पाजतो आणि मग प्रेतापाशी आक्रोश करतो, अशी कथा. तबकड्या ऐकून आम्ही सारे देवनागरीत उतरवले आणि घोकले. अर्थ फक्त मला ठाऊक होता, तोही अर्धामुर्धा. मुकुट हंबीररावांना बसेल. आत काही असावेच लागते असे नाही.

३. ग्रामोफोन व तबकड्या क्लबास मुळीच देऊ नयेत. तिथे तबकडीवर भजी ठेवून खातात, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याही नृसिंहालाच द्याव्यात.

४. त्या खेळात राजा मी होतो, राजपुत्र नृसिंह. आमचे प्रेक्षक संगीत नाटकांवर पोसलेले. नृसिंह विष पिऊन, मरणाचे गाणे गाऊन आडवा झाला, तोच "वन्समोअर!" मेलेला राजपुत्र उठला, पुन्हा गायला, पुन्हा मेला. परत वन्समोअर. गडमुडशिंगीचा एक पहिलवान ओरडला, "पावणं, झ्याक मरतायसा की! आनी एकदा मरा!" मी शेजारी तोंड उघडून ताटकळत उभा. माझा आक्रोश कुणालाच नको होता. तिसऱ्या वेळी तो वरच्या सुरावर असताना मी विंगेतल्या जोतीरामला खूण केली. पडदा पडला आणि लोक खदखदा हसले.

मग सगळ्यांदेखत मी म्हणालो, "याचा सूर सुटला, म्हणून पडदा पाडला. पालथ्या घड्यावर पाणी!" दुसऱ्याच दिवशी तो घर सोडून गेला. त्याची आई, माई, तीन वर्षे झुरली आणि गेली. तिलाही मी खरे सांगितले नाही. थू माझ्या मास्तरकीवर!

नृसिंहा, तुझा सूर सुटला नव्हता. तो माझ्यापेक्षा चांगला लागला होता आणि मला ते सोसवले नाही. पोराचे कौतुक ऐकून बापाची छाती फुगते म्हणतात. मला पोटशूळ उठला.

५. मृत्युपत्र माणूस मेल्यावरच वाचतात, असे वकील दत्तोपंत सांगतात. वकिलांना काय, पुढची तारीख घ्यायची सवयच! मेल्यावर माफी मागायला तोंड राहत नाही. म्हणून याची एक प्रत आजच रजिस्टर पोस्टाने जयसिंगपूरला धाडत आहे. नृसिंहा, घर माझ्या माघारी घे. तू मात्र त्याआधी ये.

ठिकाण : कोल्हापूर
दिनांक : १२ नोव्हेंबर १९८१

सही : अं. रा. कुरुंदवाडकर

साक्षीदार :
१) दत्तोपंत गोविंद इचलकरंजीकर, वकील. सही माझ्यासमक्ष झाली. प्रत पाठवू नये असा सल्ला दिला होता, तो मानला नाही.
२) जोतीराम आकाराम चौगुले. दोरी मीच वडली, मास्तरांच्या खुणंवरनं. पोरगं सुरातच हुतं.