नोव्हेंबरपुरतं बोलणं

मिरकाब, कुवेत
१२ मार्च १९६३

ती. रबियाआपा यांस,
इद्रीसचा अदबीचा सलाम, वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. शाळेत तुम्हाला चौथीचा वर्ग दिला हे वाचून शहरबानूला फार हसू आलं. तिचं म्हणणं, नणंदबाईंचा आवाज आता हर्णैच्या बंदरापर्यंत ऐकू येईल.

असमानं मुंबईत नर्सिंग पुरं केलं, आता पुढे काय, असं तुम्ही विचारलं होतंत. आमचे अमेरिकन मॅनेजर वेदरबी साहेब या उन्हाळ्यात कायमचे मायदेशी चालले आहेत. त्यांच्या गावच्या इस्पितळात परदेशी नर्सांना दोन वर्षांचं पुढचं शिक्षण देतात. साहेबांनी आपण होऊन सांगितलं की, इद्रीस, तुझ्या भाचीला पाठव, ती आमच्या घरी राहील. त्यांना मूलबाळ नाही.

सहा वर्षं इथे मिरकाबच्या ऑफिसात मी त्यांची पत्रं टाइप करतो आहे. त्यांना अरबी येत नाही, त्यामुळे इथल्या व्यापाऱ्यांशी बोलताना त्यांची जीभ मीच. बनेद अल-गारच्या आमच्या दोन खोल्यांत ते मांडी घालून जमिनीवर बसतात आणि शहरबानूच्या हातचं झुबैदीचं, म्हणजे आपल्या पापलेटचं, कालवण बोटं चाटून संपवतात. त्यांच्या गावचं वर्तमानपत्र इथे महिन्यानं येतं. त्यात एखाद्या पुढाऱ्यानं परक्यांविरुद्ध लोकांना भडकवलेलं दिसलं की टेबलावर हात आपटतात. मतांसाठी असलं विष ओकणाऱ्या पक्षाला आग लागो, मग तो माझा का असेना, असं परवाच म्हणाले. असा माणूस आहे. असमा माझ्या जबाबदारीवर जाईल. नाही म्हणू नका.

शहरबानूचा सलाम. आपल्या मायेचा भुकेला,
इद्रीस


हर्णै
२ एप्रिल १९६३

चि. इद्रीस यास,
रबियाचे अनेक दुवा, वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. माझ्या आवाजाबद्दल शहरबानूला सांग, तिच्या लग्नात याच आवाजानं वरात रस्त्याला लागली होती, नाहीतर नवरदेव अजून अंजर्ल्याच्या खाडीशीच उभा असता.

असमाचे अब्बा गेल्यावर मी तिला मुंबईला पाठवलं तेव्हाही जमातीतली माणसं दारात येऊन बसली होती. आता अमेरिका म्हटल्यावर ती दारातून उठायचीच नाहीत. त्यांना मी तोंड देईन. पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच कारणानं. तू तुझ्या साहेबाला कुवेतमध्ये ओळखतोस. तिथे तो परका आणि आपला पाहुणा. स्वतःच्या गावात तो कसा असेल ते तू कुठे पाहिलं आहेस?

तरीही पोरगी हट्टाला पेटली आहे आणि तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे. साहेबाच्या नाही, तुझ्या. म्हणून हो म्हणते.

प्रकृतीला जप. दोघांना माझे दुवा.
तुझी आपा,
रबिया


अमेरिका
१९ जानेवारी १९६४

ती. इद्रीसमामू यांस,
असमाचा सलाम, वि. वि.

इथे बर्फ इतकं पडलं आहे की अंगणातली मोटार सापडत नाही. वॉर्डात मला सगळे ॲस्मा म्हणतात, म्हणजे दमा. डॉक्टर म्हणाले, नावातच आजार असलेली नर्स आम्ही पहिल्यांदा पाहिली.

साहेब आणि मॅडम फार माया करतात. रमजानात मॅडम माझ्यासाठी पहाटे उठून अंडी उकडतात. साहेब पाहुण्यांना सांगतात की ही आमची लेक, जरा लांबून आली आहे. बातमी अशी की साहेब आता इथल्या राज्याच्या विधिमंडळासाठी उभे राहणार आहेत. घरात पक्षाची माणसं येतात, खूप कॉफी पितात. समोरच्या पक्षाचे उमेदवारही मी पाहिले. चर्चमध्ये माणुसकीवर त्यांचं व्याख्यान होतं, मॅडम मला घेऊन गेल्या होत्या. सगळी माणसं एकाच बापाची लेकरं, असं बोलले, आणि शेवटी माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले की तुम्ही आमच्या गावाची शोभा आहात. मला वाटलं, दोन चांगली माणसं एकमेकांशी लढणार, मग कोणीही हरलं तरी काय बिघडलं?

मामीला सलाम. अशीच आठवण ठेवा.
तुमची,
असमा


मिरकाब, कुवेत
४ ऑक्टोबर १९६४

ती. रबियाआपा यांस,
इद्रीसचा सलाम, वि. वि.

असमाचं पत्र दीड महिना नाही म्हणून तुम्ही काळजीत आहात. काळजीचं काही नाही. तिच्या परीक्षा चालू असतील. शिवाय निवडणुकीच्या दिवसांत त्या घरात गडबड असणारच. साहेबांचं मला पत्र होतं, सगळं ठीक आहे.

आनंदाची गोष्ट, मला ऑफिसचा सुपरिंटेंडेंट केलं आहे. साहेबांनी तिकडून वरच्या लोकांकडे शब्द टाकला. काचेची वेगळी खोली मिळाली. शहरबानूनं शेजारीपाजारी हलवा वाटला.

लोभ असावा,
इद्रीस


अमेरिका
२५ ऑक्टोबर १९६४

ती. अम्मास,
असमाचा सलाम, वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण खोटं लिहायचं नव्हतं आणि खरं लिहायची हिंमत नव्हती. मी आता साहेबांच्या घरी राहत नाही. नर्सांच्या वसतिगृहात आहे. सुखरूप आहे, हे आधी नीट वाच आणि मगच पुढचं वाच.

सप्टेंबरमध्ये समोरच्या पक्षानं एक पत्रक वाटलं. त्यावर माझा फोटो. खाली छापलं होतं की वेदरबी अरबस्तानातून बाई आणून आपल्या मुलींच्या जागा तिला देतात. पत्रक काढणारे तेच, चर्चमध्ये माझा हात धरणारे. मला वाटलं, साहेब त्यांना चांगलं सुनावतील. साहेबांनी त्यांच्याहून मोठ्यानं बोलायला सुरुवात केली. परदेशी लोक रोग आणतात, आपल्या आजाऱ्यांच्या खाटांजवळ कोण उभं आहे ते बघा, मला निवडून द्या, मी दार लावून घेतो. हे भाषण मी वॉर्डातल्या रेडिओवर ऐकलं. एका म्हातारीला सूप भरवत होते. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. मी भरवत राहिले, अम्मा. दुसरं काय करणार?

दहा ऑक्टोबरला मॅडमनी स्वतः माझी ट्रंक भरली. पुढच्या दाराशी फोटोवाले होते, म्हणून मला स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर काढलं. साहेब पाठीवर हात ठेवून म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस बेटा, हे फक्त नोव्हेंबरपुरतं बोलणं आहे, निवडणूक झाली की परत ये. मी विचारलं, मामूंना काय सांगू? ते म्हणाले, इद्रीसला मी आधीच सगळं लिहिलं होतं. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा, असं त्याचं उत्तरही आलं.

ते उत्तर त्यांनी मला दाखवलं. मामूंच्याच मशीनवर टाइप केलेलं होतं. इंग्रजी ई थोडा वर उडतो, तो मी ओळखते.

मी अशी मध्येच परत येणार नाही. मे महिन्यात सर्टिफिकेट घेऊनच येईन. माझ्यासाठी दुवा कर.
तुझी,
असमा


हर्णै
१० नोव्हेंबर १९६४

इद्रीस यास,

असमाचं पत्र सोबत पाठवते आहे. वाच आणि परत पाठव, ते माझ्याजवळ राहायला हवं.

तुझ्या साहेबानं माझ्या मुलीला घराबाहेर काढलं, त्याचा मला राग आहे, पण तो माझा कोण? त्याला मतं हवी होती. तू तर कुठल्या निवडणुकीला उभा नव्हतास. ४ ऑक्टोबरला तू मला लिहितोस की सगळं ठीक आहे, आणि तेव्हा तुझ्या खिशात त्याचं पत्र होतं. तिला सावध करणारा एक कागद तुला लिहिता आला नाही? लोकांची पत्रं लिहिण्यात ज्याचा जन्म गेला त्याला?

तुझ्या बढतीची बातमी मी सगळ्या गल्लीत सांगितली होती. आता लोक विचारतात, भावाचं कसं चाललंय. मी सांगते, काचेच्या खोलीत बसतो.

यापुढे दुवा लिहायला माझा हात उचलत नाही.
रबिया


बनेद अल-गार, कुवेत
२८ फेब्रुवारी १९६५

ती. रबियाआपा यांस,
सलाम, वि. वि.

तुमच्या पत्रातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. साहेबांचं पत्र आलं त्याच आठवड्यात बढतीचा हुकूम आला. मी मनाला समजावलं की हे राजकारण आहे, दोन महिन्यांनी निवळेल. शहरबानूला सुद्धा सांगितलं नाही. तुमचं पत्र तिनंच फोडलं, आणि तेव्हापासून ती माझ्या ताटात वाढते, पण समोर बसत नाही.

गेल्या आठवड्यात वेदरबी साहेब इथे आले. निवडून आलेत ना, आता व्यापाऱ्यांच्या शिष्टमंडळाबरोबर फिरतात. मला कडकडून भेटले. हॉटेलच्या हॉलमध्ये शंभरेक कुवेती व्यापारी जमले होते आणि दुभाषा म्हणून मी साहेबांच्या शेजारी उभा होतो. साहेब म्हणाले की आमच्या देशात परक्यांबद्दल वाईट बोलणारे काही पुढारी आहेत, पण मी तसा नाही. माझ्या घरात एक मुसलमान मुलगी लेकीसारखी राहिली, या इद्रीसलाच विचारा.

मी ते सगळं जसंच्या तसं अरबीत सांगितलं. मग थांबलो नाही. अरबीतच पुढे म्हणालो की ती मुलगी माझी सख्खी भाची. निवडणुकीआधी तीन आठवडे यांनी तिला मागच्या दारानं बाहेर काढलं, तिच्यासारख्यांविरुद्ध सभा पेटवून हे निवडून आले, आणि मला हे आधीपासून ठाऊक होतं.

साहेबांना वाटलं, मी त्यांची तारीफ लांबवतो आहे. माझ्या खांद्यावर हात टाकून हसत उभे राहिले. टाळी एकही वाजली नाही. आमच्या कंपनीचे कुवेती भागीदार अबू यूसुफ यांनी कॉफीचा कप खाली ठेवला आणि ते उठून गेले. त्यांच्यामागे बाकीचे. बाहेर आल्यावर साहेबांनी मला विचारलं की लोक एवढे गप्प का झाले. मी म्हणालो, भारावून गेले असतील.

आपा, तुमच्यापासून आता काही लपवायचं नाही म्हणून हे शेवटचं वाक्यही लिहिलं.

आपला अपराधी,
इद्रीस


हर्णै
१६ मार्च १९६५

इद्रीस यास,

पत्र पोचलं. अरबीत बोललास ते बरं केलंस. ज्यांना काही फरक पडत नव्हता त्या शंभर जणांना कळलं, आणि ज्याला कळायला हवं होतं तो हसत राहिला.

तुला इंग्रजी येतं. त्याच मशीनवर लिही. त्यालाच लिही. त्यानंतर मला लिही.
रबिया


खैतान, कुवेत
९ मे १९६५

ती. रबियाआपा यांस,
इद्रीसचा सलाम, वि. वि.

लिहिलं. तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी, दोन पानं. साहेबांनी काय केलं, मी काय केलं, आणि त्या दिवशी हॉलमध्ये मी खरोखर काय बोललो, सगळं. नक्कल सोबत आहे. शाळेतल्या इंग्रजीच्या मास्तरांकडून वाचून घ्या, एक शब्द मऊ केलेला नाही. त्यानंतर पंधरा दिवसांत काचेची खोली गेली, मग नोकरीही. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, अबू यूसुफ यांनी आपल्या पेढीच्या नावावर करून घेतला, म्हणून अजून कुवेतमध्ये आहे. घर आता खैतानला, एकच खोली. शहरबानू परवापासून समोर बसून जेवते.

साहेबांचं उत्तर काल आलं. छापील कार्ड आहे, सगळ्या मतदारांना पाठवतात तसलं. आपण आपलं बहुमोल मत कळवलंत याबद्दल आभारी आहे, आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच आमचा पक्ष बलवान आहे. खाली सहीचा रबरी शिक्का. सहा वर्षं माझ्या घरी जेवलेला माणूस, आपा. मला वाटलं होतं निदान शिव्या तरी देतील.

असमा जूनमध्ये मुंबईला उतरते, असं शहरबानूला तिनं कळवलं आहे. मला नाही. तिला घ्यायला मी यावं का, ते तुम्ही सांगा. नको म्हणालात तर येणार नाही.

जमलं तर लोभ ठेवा,
इद्रीस


हर्णै
२४ मे १९६५

इद्रीस यास,

मास्तरांनी दोन्ही पानं वाचून दाखवली. मी त्यांना दुसऱ्यांदा वाचायला लावली.

ये. असमा तुझ्याशी बोलेल की नाही, ते मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. ते तीच ठरवेल. नाही बोलली तर तिची ट्रंक उचल आणि आमच्या मागून चाल.

शहरबानूला दुवा.
तुझी आपा,
रबिया