गुरुवारी उडणारा फ्यूज

प्रिय नौरस,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलं गेलंय, त्यावर फार जाऊ नकोस. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. फोन का केला नाही, असंही वाटेल. तुझ्या बाबांची शपथ आठव. काकाच्या मुलीशी ठरलेलं लग्न मोडून तू त्या घटस्फोटित नर्सशी निकाह लावलास, त्या दिवशी त्यांनी तुझ्या काकासमोर माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं होतं, “हिनं त्याचं तोंड पाहिलं किंवा आवाज ऐकला, तर हिला तलाक.” त्यात पत्राचा उल्लेख नव्हता, म्हणून हे पत्र, तू शिकवतोस त्या शाळेच्या, मला आत्ताच कळलेल्या पत्त्यावर पाठवतेय.

तुझ्या बाबांचं गेल्या आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यावर पट्टी बांधून ते इर्बिदच्या इस्पितळात पडून होते आणि गाडी पहिल्यांदाच पूर्णपणे माझ्या ताब्यात आली. तीच आपली जुनी राखाडी गाडी. दोन वर्षं तिनं मला छळलंय. शुक्रवारी संध्याकाळी मी तुझ्या मावशीकडे निघायचे आणि हुस्न गावच्या चौकात पोलीस थांबवायचा, “खाला, तुमचे ब्रेकचे दिवे लागत नाहीत.” फ्यूज उडालेला असायचा. तुझे बाबा नवा बसवायचे आणि वर मलाच ऐकवायचे, “गाडी म्हातारी झाली, तुझ्यासारखी. जरा काही झालं की उडतो हिचा फ्यूज.” मग आठवडाभर सगळं ठीक, आणि शुक्रवारी पुन्हा तेच. दुकानात दाखवू या म्हटलं की म्हणायचे, दोन पैशांच्या फ्यूजसाठी कशाला कुणाच्या दारात जायचं?

ते इस्पितळात असताना मी गाडी अबू शाहीनकडे नेली. शाळेत बाबांच्या हातचा मार खाल्लेला मुलगा, आता पोट सुटलेला इलेक्ट्रिशियन झालाय. त्यानं ब्रेकचे दोन्ही बल्ब काढले, फ्यूजच्या जागी तारेला एक बल्ब लावला आणि ब्रेकचं पेडल काठीनं दाबून ठेवलं. म्हणाला, “तार कुठे उघडी पडली असेल तर आता हा बल्ब चुगली करेल.” मग डिकी आपटली, तारा हलवल्या, दारं उघडली, मिटली. बल्ब ढिम्म. तासाभरानं कपाळ पुसत त्यानं विचारलं, “उम्म नौरस, हे दुखणं उपटतं तरी कधी?” मी म्हटलं, शुक्रवारी. तो हसला. “म्हणजे ही बया गुरुवारी काहीतरी भानगड करून येते!”

गुरुवारी तुझे बाबा अजलूनला एका जुन्या मास्तराकडे पत्ते खेळायला जातात, एकटे. मला तेवढंच ठाऊक होतं आणि त्याला मी तेवढंच सांगितलं. डॅशबोर्डच्या खाली बघायला तो शेजारच्या सीटवर बसला, पोट मावेना म्हणून सीट पार मागे सरकवली, आणि बल्ब लख्ख पेटला. सीट पुढे घेतली, विझला. मागे नेली, पुन्हा पेटला. खालचा गालिचा उचलला, तर सीटच्या पट्टीखाली चिरडून तार उघडी पडलेली. तिच्याशेजारी लहान मुलीच्या केसांची पिवळी पिन होती. “इथे कुणी उंच माणूस बसतो,” तो म्हणाला, “आणि नेहमी बसतो. उस्ताद कुणाला घेऊन फिरतात?” मी काय सांगणार? आपल्या सबंध घराण्यात गुडघे डॅशबोर्डला लागतात असा तू एकटाच. आणि परत येताना तुझे बाबा न विसरता सीट पुढे आणून ठेवत होते, माझ्या लक्षात येऊ नये म्हणून.

तिथून तडक इस्पितळात गेले. विचारलं. ते गडबडलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “शपथ तुझ्यावर होती. मी स्वतःवर कुठे घातली होती?” मग आवाज उतरवून म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तू रडून गल्ली गोळा केली असतीस. भावापुढे माझं नाक कापलं गेलं असतं.” पाच वर्षं ते दर गुरुवारी तुला भेटताहेत, तुला चार वर्षांची मुलगी आहे, हे मी त्यांच्या उशाशी बसून ऐकलं. घरात तुझं नाव काढायची मला बंदी होती, आणि गल्लीतली माणसं त्यांना रोज अबू नौरस, नौरसचा बाप, म्हणून हाक मारत होती.

त्यांचं जाऊ दे. तुझं काय? दर गुरुवारी द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांचा डबा यायचा ना? मास्तराला लसूण जास्त लागते, असं सांगून त्यांनी माझ्याकडून लसूण दुप्पट घालून घेतली. मी रांधत होते आणि तू खात होतास, आणि एकदाही तुला वाटलं नाही की रिकाम्या डब्यात चार ओळींची चिठ्ठी टाकावी? मुलीला माझं नाव दिलंस म्हणे, विसाल. नाव ठेवलं की आईचं देणं फिटलं, असं वाटलं का रे तुला? मी तुझा जुना सदरा उशीखाली घेऊन झोपत होते. लाज वाटते सांगायला.

तार मी दुरुस्त करून घेतलीय. महिन्याभरानं डॉक्टरांनी गाडी चालवू दिली की तुझे बाबा पहिल्याच गुरुवारी तुझ्याकडे येतील. त्यांच्या शेजारी बस, सीट हवी तेवढी मागे घे, आणि संध्याकाळपर्यंत कुठेही फिरत राहा. त्या वेळात मी बसनं अजलूनला तुझ्या घरी येणार आहे. मुलीला आणि तुझ्या बायकोला सांगून ठेव. शपथेत त्या दोघी नाहीत, मी शब्दन् शब्द आठवून पाहिलाय. आणि मी तलाकाला भिते, असं मात्र समजू नकोस. ती भीती इस्पितळातच संपली. मला माझी नात मांडीवर घ्यायची आहे. तुझं तोंड बघायचं नाही, ते माझ्या मनानं. मी निघून जाईपर्यंत घरी येऊ नकोस.

‘तुझीच’ लिहायला हात धजत नाही.

आई