निर्माल्याची पिशवी

चौबे कॉलोनी, रायपूर
रविवार, ४ डिसेंबर २०१६

प्रिय शर्मिष्ठा,

आज सकाळी सोनियाने मला एक प्रश्न विचारला. मला खोटं बोलवलं नाही आणि खरंही सांगवलं नाही, म्हणून लिहिते आहे. शाळेची सहल पुरीला जाते आहे आणि ही नाव देत नाही, पाण्याला घाबरत असेल, असं तू फोनवर म्हणाली होतीस. ती पाण्याला घाबरत नाही. मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "आजी, सरला आजी शादी में बोल रही थीं, पापा मम्मी की फोटो के चक्कर में गए. सच है क्या?" मी म्हटलं, काड्या राहताहेत, नीट निवड. पोट्टीने मान खाली घालून सगळी जुडी निवडली आणि पुन्हा विचारलं नाही. ती आता आत अभ्यास करते आहे. चारच्या बसने तुझ्याकडे नव्या रायपुरात परत येईल, तोवर हे संपवायला हवं.

सरलाला दोष देऊ नकोस. नणंद माझी आहे. तिने जे सांगितलं ते माझ्याच गप्प बसण्यातून आलेलं आहे.

तुला आठवत असेल, राज्य नवीन होतं. निरंजनला सचिवालयात लागून दोन वर्षं झाली होती. मे महिन्यात त्याने रजा काढली, म्हणाला, "आई, तू जिंदगीभर पोट्ट्यांले समुद्र शिकवला, एकदा पाहून तरी घे." खरंच होतं ते. एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला, भरती-ओहोटी फळ्यावर काढली, लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते हे परीक्षेत विचारलं आणि गुण कापले. समुद्र मात्र सत्तावन्नाव्या वर्षी पाहिला. सामान बांधताना तू विचारलंस, आई, ही पिवळी पिशवी कसली? चार महिन्यांचं निर्माल्य होतं. तळ्यात काही टाकू नये असा फलक लागला होता, खारुन नदीला उन्हाळ्यात पाणी नव्हतं आणि देवाची फुलं कचऱ्यात टाकणं आपल्या घरात कधी झालं नाही. मी म्हटलं, सगळ्या नद्या समुद्रालाच जातात, थेट तिथेच सोडू. तू हसलीस. मला ते आवडलं नव्हतं, हेही आज लिहून टाकते.

पुरीला त्या सकाळी किती माणसं होती. पोरं वाळूचे डोंगर करत होती, म्हाताऱ्या लुगडी सावरत लाटेत बसत होत्या, उंटावर फेऱ्या चालल्या होत्या. उंच वेताच्या टोप्या घातलेले नुलिया, म्हणजे तिथले कोळी, माणसांचे हात धरून त्यांना पाण्यात नेत होते, आणि आपल्यापाशी उभा होता तो दोनदा बोलला होता, "बाबू, लाल झंडी के आगे नहीं." सोनिया तुझ्या कडेवर होती. तुझ्या हातात कॅमेरा होता. मी डावीकडे, तुमच्यापासून वीसेक पावलांवर.

निरंजनने पिशवी सोडली आणि लाटेने ती आणून माझ्या पायाशी टाकली. त्याने पुन्हा नेली, पुन्हा परत आली, झेंडूच्या पाकळ्या माझ्या साडीला चिकटल्या. लोक पाहून हसले. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, समुद्राले नको हाय तं काहून देऊन राहिली? राहू दे नं." पण अर्धवट सोडलेलं काम मला कधी सहन झालं नाही. तिसऱ्यांदा तो कमरेपर्यंत पाण्यात गेला, लाल निशाणाजवळ थांबला आणि वळून त्याने माझ्याकडे पाहिलं.

तू तेव्हा ओरडलीस, थोडं मागे सरा. तेवढं एक वाक्य तू तेरा वर्षं वागवते आहेस, मला माहीत आहे. त्यानंतर तू कॅमेरा हातात धरला नाहीस. पोरीच्या वाढदिवसालाही शेजारणीला बोलावतेस. पोलिसांनी विचारलं तेव्हा तू स्वतःच सांगितलंस, "मी त्यांना मागे सरा म्हणाले." मी शेजारी उभी होते. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, फोटो काढणं चाललं होतं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. पुढे जो भेटायला आला त्याला मी तेच सांगितलं. तू त्याच्या जागी नोकरीला लागलीस, सासर सोडून क्वार्टरमध्ये गेलीस, तेव्हाही बायका कुजबुजल्या आणि मी चहा गाळत राहिले.

कॅमेरा माझ्याकडे राहिला. तू कधी मागितला नाहीस. रोल मी त्याच जूनमध्ये धुवून आणला होता. शेवटच्या फोटोत निरंजन कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, पिशवी हातात आहे, पण तो तुझ्याकडे बघत नाही. त्याची मान डावीकडे वळलेली आहे. तुझा आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, वारा समुद्राकडून होता. तो जिकडे बघतो आहे तिकडे फोटोच्या कडेला एक हात आला आहे, मनगटात दोन पाटल्या. तो हात माझा आहे. मी खूण करते आहे, आणखी पुढे. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला करावी तशी. त्याने माझं कधी मोडलं नव्हतं, तेव्हाही मोडलं नाही.

तुझ्या हातून काही झालेलं नाही. हे सांगायला मला तेरा वर्षं लागली, आणि तेही पोरीने विचारलं म्हणून. क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. ती मागण्याची वेळ मी घालवली. आई अशी हाक मारू नये वाटलं तर मारू नकोस. फक्त सोनियाला सहलीला पाठव. सरलाला मी आज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगणार आहे, तिच्या सुनांसमोर.

तुझीच, तुला चालत असेल तर,
मंदाकिनी

सोनियाच्या हाती दिले: कॅमेरा एक, चामडी पिशवीसह. निगेटिव्हची पट्टी एक. हे पत्र, पाकीट न चिकटवता. तिला मराठी वाचता येतं, बोलत नाही इतकंच. फोटो एक. तो पाकिटात घातलेला नाही. दारातच तिच्या हातात देणार आहे, आणि हा हात कुणाचा ते तोंडाने सांगणार आहे.