शिडीवाल्याला दार कोणी उघडलं?

तीर्थरूप आत्यास,

कमरेला पट्टा असल्यामुळे सध्या आठांपैकी चारच अंगांनी नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? इकडे सगळे खुशाल. माझी मान तेवढी खाली आहे, त्याचीच ही हकीकत.

आमच्या छापखान्यात परीक्षांच्या प्रश्नपत्रिका छापतात, हे तुला ठाऊक आहे. एक कागद बाहेर गेला तर हजारो मुलांची परीक्षा पुन्हा आणि आमच्या दाराला टाळं. म्हणून मालकांनी सुरक्षेचं काम माझ्याकडे दिलं. मी तीन दारांना कार्डाची कुलुपं बसवली आणि 'अनोळखी माणसासाठी दार धरू नये' अशी पाटी स्वतःच्या हाताने रंगवली (माझं अक्षर तू जाणतेस, कोणी वाचली नसावी). मग मालक म्हणाले, "या आठवड्यात मीच पाठवलेला एक जण वेश बदलून आत शिरायला बघेल. शिरला, तर फाटकावरच्या मामांना घरी पाठवायचं." मामा म्हणजे आमचे पहारेकरी. बावीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं. दिवसभर मी त्यांच्या कानाशी भुणभुण लावली, "मामा, डोळ्यांत तेल घालून बघा हं!"

बुधवारी दुपारी मामांनी एकाला अडवलंच. "अहो, मी मालक आहे!" "असाल. कार्ड दाखवा." ते खरोखरच मालक होते, कार्ड घरी राहिलं होतं. त्यांना सोडवायला मी मागच्या गल्लीतून धावलो, तर तिथल्या दारात खांद्यावर शिडी, हातात रंगाचा डबा घेतलेला एक घामाघूम माणूस. "दार धरता का, साहेब?" धरलं की! एक नाही, तिन्ही धरली, वर पाणीही पाजलं. या भानगडीत मालक चाळीस मिनिटं उन्हात. शेवटी ते आत आले, तर शिडीवाला त्यांच्याच टेबलाशी, हातात गणिताची प्रश्नपत्रिका!

आता मामा सुरक्षाप्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. म्हणाले, "होतं असं, साहेब. उद्या आठला या, दार बंद कसं ठेवायचं ते शिकवतो." खरं सांगू? त्यांची नोकरी राहिली, मला बरंच वाटलं.

तुझा आज्ञाधारक भाचा

ता. क. घराला आकड्यांचं कुलूप मीच बसवलं होतं. ही हकीकत कळल्यापासून तुझ्या सूनबाईने आकडा बदललाय. म्हणते, "तुम्हाला सांगितला म्हणजे गावाला सांगितला." ती ऐकते फक्त तुझं. तेवढा आकडा मिळवून दे, पत्र त्यासाठीच.

ता. क. २. शेजारच्या काकूंना आकडा ठाऊक आहे. संध्याकाळी त्याच मला दार उघडून देतात आणि आकडा दाबताना मला पाठ फिरवून उभं राहायला लावतात.