घर, झारी आणि ‘सोड’ हा शब्द

मी, रत्नप्रभा लवू परब, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी घरकाम व नंतर प्राणायाम शिकवणे, राहणार नदीकाठ सहकारी गृहनिर्माण संस्था, दहिसर (पूर्व), मुंबई, माझ्या मागे कोणाला काय मिळावे हे आज माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. कोणी दटावले नाही, कोणी गोड बोलून बसवले नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडली आहेत ती फुप्फुसे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखल्यात फक्त डोक्याबद्दल लिहा असे मी त्यांना सांगितले होते, पण त्यांनी दोन्हींबद्दल लिहिले.

लिहिताना दम लागतो. मग मी पेन ठेवते आणि पुन्हा उचलते. त्यामुळे अक्षर मध्येच बदललेले दिसेल. त्यावरून कोणी शंका काढू नये, सगळे मीच लिहिले आहे.

कलम १. माझी माणसे. माझे यजमान लवू गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात होते. गिरणी बंद पडल्यावरही कापूस त्यांच्या छातीतून गेला नाही, आणि त्यानेच ते गेले. आम्हांला मुलगे दोन. थोरला राजेश, बायको निधीसह मुलुंडला राहतो. धाकटा सुयोग करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्याची बायको श्रुतिका तेव्हापासून माझ्याजवळ आहे. त्यांना मूलबाळ नव्हते. याखेरीज माझे वारस कोणी नाहीत.

कलम २. घर. नदीकाठची आमची चाळ पाडून इमारत झाली तेव्हा लवूंच्या नावे मिळालेली ही जागा. त्यांच्या मागे दोन्ही मुलांनी रीतसर हक्कसोडपत्र करून आपापला हिस्सा मला दिला, म्हणून आज मी एकटी मालक आहे. ही जागा, आतील सामानासह, मी माझी सून श्रुतिका सुयोग परब हिला पूर्ण मालकीने देत आहे. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावी, तिची मर्जी.

राजेशला हे आवडणार नाही. तो मला समोर बसवून म्हणालाच, “आई, मी तिच्या वाईटावर नाही. पण उद्या तिने लग्न केलं तर घर परक्याच्या घशात जाणार ना?” मी म्हटले, “अरे, ती या घरात आली तेव्हा परक्याचीच होती. तेव्हा तुला बरी चालली!” राजेश स्वभावाने वाईट नाही. त्याला काळजी करायची सवय आहे, आणि ती तो नेहमी माझ्या नावाने करतो.

कलम ३. हे कलम खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. काय खोडले तेही लिहिते, म्हणजे नंतर कोणी तर्क लढवायला नको. वकीलसाहेबांनी दिलेल्या ज्या नमुन्यावर मी हे लिहीत आहे, त्यात सवयीने छापले होते की, ‘सदर सुनेने पुनर्विवाह केल्यास तिचा या मिळकतीवरील हक्क संपुष्टात येईल.’ मी विचारले, हे कोणी सांगितले? ते म्हणाले, “सांगावं लागत नाही, ताई. असंच असतं.” मी त्यांचेच पेन मागून घेतले आणि त्यांच्यासमोर आडवी रेघ मारली. रेघ जरा जोरात बसली, कागद फाटला आहे. तो तसाच ठेवावा.

उलट मी लिहून ठेवते की श्रुतिकाने लग्न करावे. तिच्या कचेरीतला अनिरुद्ध तिला संध्याकाळी सोसायटीपर्यंत सोबत करतो आणि गेटपाशीच थांबतो. वॉचमन त्याला अजून पार्सलवाला समजतो. तो वर का येत नाही, हे मला ठाऊक आहे. वर मी असते, आणि भिंतीवर सुयोगचा फोटो. माझ्या मागे फोटो राजेशने न्यावा. अनिरुद्धला वर बोलवावे आणि चहा द्यावा. त्याला साखर कमी लागते असे श्रुतिकाच्या तोंडून एकदा निघून गेले होते.

कलम ४. कलमे. माझ्या माहेराहून माझ्या नावावर आलेली देवगडकडची आंब्याची कलमे राजेशला. बँकेतली ठेवही त्यालाच. माझ्या बांगड्या निधीला. तिने त्या मोडून नव्या घडवल्या तरी मी वर बसून रागावणार नाही.

कलम ५. तांब्याची झारी, सतरंजी आणि ही विद्या. नाक धुवायची झारी मला द्रौपदीबाईंनी दिली. त्या देशावरच्या. त्यांचे यजमान आरे कॉलनीत गुरांच्या गोठ्यावर कामाला होते, आणि बाई क्वार्टरच्या पायरीवर बसून बायकांना प्राणायाम शिकवायच्या. लवूंची छाती वाजायला लागली तेव्हा कोणीतरी त्यांचे नाव सांगितले आणि मी बसने जंगलातून तिकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी मी शेणाच्या वासाने नाक आखडले. त्या म्हणाल्या, “वास काय तुझ्या नाकात बिऱ्हाड करनार हाय व्हय? घे की सरळ.” मी छाती भरून घेतला. त्यावर दुसरा ओरडा खाल्ला. “आधी सोड! आधी सगळा सोड, मग घे. जागाच न्हाई केली तर येनार कुठनं?”

सगळे त्यातच आहे. पूरक, कुंभक, रेचक ही नावे मी नंतर शिकले. बाईंची भाषा एवढीच होती: घे, राहू दे, सोड. मीही पुढे तेवढेच शिकवले.

मी शिकले ती लवूंसाठी, आणि ते काही शिकले नाहीत. अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटायला सांगितली की डावी मिटायचे आणि हसायचे. म्हणायचे, “माका जमाचा नाय गो. तू घे, मी आयकतंय.” मग मी त्यांच्या उशाशी बसून घशातून आवाज करत सावकाश श्वास चालवी, आणि ऐकता ऐकता त्यांना झोप लागे. शेवटपर्यंत त्यांचे औषध तेच होते. मला त्यांची फार आठवण येते, हे मृत्युपत्रात लिहायचे नसेल तर वकीलसाहेबांनी गाळावे.

झारी श्रुतिकाला. ती चिंच लावून घासावी, पावडर लावू नये. सतरंजी गच्चीवरच्या वर्गाला.

कलम ६. प्रेमा हिच्याबद्दल. आमच्या सोसायटीतली प्रेमा रोज गच्चीवर कबुतरांना दाणे टाकते. ज्या गच्चीवर मी लोकांना शुद्ध हवा छातीत घ्यायला सांगत होते, त्याच गच्चीवर. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो काढून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, “घराजवळ कबुतरं आहेत का?” त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसे बिघडवते म्हणे. मी हसत सुटले, मग खोकत सुटले. प्राणायाम शिकवणारी बाईच धापते, असे जिन्यात बोलले जाते ते मला ऐकू येते. छाती बिघडली आहे, कान नाही.

प्रेमाला मी माफ केलेले नाही. परंतु सुयोग गेला तेव्हा आमच्या दाराशी यायला सगळे घाबरत होते, आणि हिने कडीला पिशवी अडकवून आम्हांला जेवण पोचवले. म्हणून माझी निळी शाल तिला द्यावी. ती घेऊन तिने दाणे टाकायचे बंद करावे. शाल घेतली आणि दाणेही टाकले, तर शाल परत घ्यावी.

कलम ७. वर्ग, आणि एक शब्द. हे कलम कायद्याचे नाही असे वकीलसाहेब म्हणतात. बाकी सारे याच्यासाठीच लिहिले आहे.

सुयोग माझ्या मांडीवर बसून श्वास शिकला. भ्रामरी करताना भुंग्याऐवजी रिक्षाचा आवाज काढायचा. इस्पितळात त्याला दाखल केले तेव्हा आम्हांला आत जाऊ देत नव्हते. तिथल्या एका नर्सने आपल्या फोनवरून मला तो दाखवला. तोंडावर मास्क होता आणि डोळे घाबरलेले. मी आतल्या खोलीचे दार लोटून घेतले आणि वर्गात बोलते तसे बोलायला लागले. “सुयोग, माझ्याकडे बघ. घे. राहू दे. सोड. घे. राहू दे. सोड.” तो करत होता, माझे ऐकत होता, डोळे निवले होते. मी म्हटले, “सोड, बाळा.” त्याने सोडला. पुढचा घेतला नाही.

डॉक्टर म्हणाले, तुमच्या बोलण्याने काही झाले नाही, आजारच तसा होता, उलट त्याची भीती गेली. मला हे कळते. मी मूर्ख बाई नाही. पण तेव्हापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. लिहिता येतो, म्हणता येत नाही. पातेले हातातून घ्यायचे असले तरी मी ‘दे इकडे’ म्हणते. आणि तो शब्द नाही म्हटला तर वर्ग कसा घेणार? घे, राहू दे, आणि पुढे काय? मी वर्ग बंद केला. लोकांना सांगितले, गुडघे दुखतात.

काही काळाने लोक श्रुतिकाकडे आले. तिने मला विचारले, मी म्हटले, तुला हवे ते कर. आमच्या खिडकीत गच्चीवरचे सगळे ऐकू येते. ती छान शिकवते, घाई करत नाही. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की ती म्हणते, “घे. राहू दे. जाऊ दे.” मी तापलेच. ती खाली येताच म्हटले, “हे ‘जाऊ दे’ कुठून काढलंस? द्रौपदीबाईंपासून चालत आलेला शब्द आहे. आपण काय नळावरचं भांडण मिटवतोय?”

ती चप्पल काढत होती, तशीच थांबली. म्हणाली, “आई, खाली ऐकू येतं ना तुम्हाला.”

मग म्हणाली, “त्या दिवशी मी दाराबाहेर होते.”

मला वाटत होते, त्या शब्दाची गोष्ट फक्त मला ठाऊक आहे. आम्ही दोघी एका घरात राहिलो, एका ताटलीत पापड मोडले, आणि ती माझ्यासाठी एक शब्द गिळत राहिली. तिचाही तो नवरा होता. तिला कोणी विचारले नाही.

म्हणून मी हे देत आहे. तो शब्द मी श्रुतिकाला देते, घरासारखाच, पूर्ण मालकीने, अट न घालता. गच्चीवर तिने तो मोठ्याने म्हणावा. मी जिवंत असताना म्हटला तरी चालेल. मी खिडकी उघडी ठेवीन.

कलम ८. शेवटचे. माझी वेळ आली की मला नळ्या लावून कुठे नेऊ नये. श्रुतिकाने जवळ बसावे. मी घाबरलेली असेन. इतकी वर्षे शिकवूनही असेन. तिने माझ्याकडे बघावे आणि वर्गात सांगतात तसे सांगावे. घे. राहू दे. आणि तिसरा शब्द खराखुरा म्हणावा, ‘जाऊ दे’ नको. मी तिचे ऐकीन. पुढे जे होईल ते तिच्या शब्दाने झाले, असे तिने कधीही मनात आणू नये. हे मी शुद्धीत लिहून देत आहे, आणि यावर साक्षीदारांच्या सह्या आहेत, एवढ्यासाठीच.

मग माझा हात सोडून तिने खाली गेटवर जावे. कोणीतरी उभा असेल.

ठिकाण: दहिसर (पूर्व), मुंबई
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(सही) रत्नप्रभा लवू परब

साक्षीदारांचे निवेदन: आम्ही दोघे ताईंच्या जुन्या वर्गातले. वरील मृत्युपत्र त्यांनी आम्हांला स्वतः वाचून दाखवले आणि आमच्यासमोर सही केली. त्या पूर्ण शुद्धीत होत्या. वाचताना एका शब्दापाशी त्या दर वेळी थांबत आणि त्यावर बोट ठेवत. तो शब्द प्रत्येक वेळी आम्ही वाचला.

(सही) भीमराज रामचंद्र जाधव
(सही) नंदा विठ्ठल सावंत